जपानीत पाह्यलं की जमते

आमचं पांढुर्णा जिल्हा झालं आणि गावातल्या माणसांना एकदम आपण लहान गावात राहतो याची लाज वाटायला लागली. त्याआधी कोणाला वाटल्याचं मला आठवत नाही. केस कापणाऱ्यानं पाटी बदलली, संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या नावाखाली ‘जिला पांढुर्णा’ रंगवून घेतलं. माझं मेन रोडवर वडिलांच्या वेळचं कापडाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, टॉवेल, धोतरजोडे आणि लग्नाचा बस्ता. पण बस्ता बांधायला लोक नागपूरला जायला लागले होते, आणि बाकीचं कापड मोबाइलवरून घरी येत होतं. मी गादीवर बसून पेपर वाचायचो. जिल्हा झाल्यावरही पेपरच वाचत होतो, फक्त आता त्यात आपल्या गावाचं नाव शोधत होतो.

अशाच एका मे महिन्याच्या दुपारी घामानं निथळलेला एक माणूस टॉवेल घ्यायला दुकानात शिरला. तिशीचा असेल, गळ्यात कंपनीचा पट्टा, पाठीवर बॅग. टॉवेल घेतला, तोंड पुसलं, पंख्याखाली उभा राहिला आणि कापडाकडे न पाहता छताकडे, भिंतींकडे, दरवाज्याकडे पाहायला लागला.

“काका, जागा स्वतःची आहे?”

“हो.”

“फ्रंटेज सुंदर आहे.”

माझ्या दुकानातलं काहीतरी सुंदर आहे असं फार वर्षांनी कोणी म्हणत होतं. मी त्याला पाणी दिलं. तो मुंबईहून आलेला होता. जपानी शेवयांची हॉटेलं चालवणारी एक कंपनी होती, जपानबाहेर पुष्कळ देशांत तिच्या शाखा होत्या, आणि इथल्या मोठ्या शहरांतही आता निघाल्या होत्या. गावातल्या माणसानं जागा द्यायची, चालवायचं. नाव, रस्सा आणि शेवया कंपनीच्या. जपानमधल्या त्यांच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं होतं, की कुठल्याही देशाचा खरा स्वाद लहान गावात असतो, तेव्हा आता लहान गावांत जा.

“आम्ही आता लहान गाव नाही,” मी म्हटलं. “जिला झालो.”

“म्हणून तर मी इथे उतरलो,” तो म्हणाला.

गाडीचं इंजिन बिघडलं म्हणून तो उतरला होता, हे मला करारावर सह्या झाल्यावर कळलं.

माझी बायको सौंसरच्या शाळेत शिकवते. रोज बसनं जाणं-येणं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी तिला बातमी दिली. तिनं चप्पलही काढली नव्हती.

“जपानी लोक पांढुर्ण्यात येऊन काय विकून राह्यले?”

“शेवया.”

“शेवया त माझी माय दर उन्हाळ्यात खाटेवर वाळू घालते.”

“ह्या जपानी आहेत.”

“अन् माझ्या मायच्या का चिनी होत्या?”

मी म्हटलं की तुला धंद्यातलं कळत नाही. तिनं चप्पल काढली आणि आत गेली. तिला विरोध करायचा असला की ती बोलते. ती गप्प झाली म्हणजे आता काय होते ते पाहायचं ठरवलेलं असते.

मला शिकायला मुंबईला बोलावलं. रायपूरचा एक, कोचीचा एक, असे बरेच होतकरू शाखावाले तिथे जमले होते. आम्हाला कमरेतून वाकायला शिकवलं. गिऱ्हाईक दारात दिसलं की हॉटेलातल्या सगळ्यांनी एकदम मोठ्यानं ओरडायचं, ‘इराश्शाइमासे!’ म्हणजे ‘या, बसा.’ आम्ही सगळे पन्नाशीच्या आसपासचे, पोटं सुटलेले, एका हॉलमध्ये उभे राहून ओरडत होतो. रायपूरवाल्याचा आवाज सगळ्यांत चांगला होता. तो पूर्वी बसस्टँडवर बुकिंग करायचा. आणि एक नियम आम्हाला फार कळकळीनं सांगितला गेला: वाडग्यात कंपनी जे घालते त्यात काहीही मिसळायचं नाही. गिऱ्हाइकानं लिंबू मागितलं तर नम्रपणे वाकायचं. लिंबू द्यायचं नाही.

दुकानातली कपाटं निघाली. लाकडी पट्ट्या, कागदी कंदील, सोफ्यांमध्ये आडोसे, थंडगार एसी. उद्‌घाटनाला एक पुढारी आले. फीत कापली, वाडगा हातात धरून फोटो काढला, आणि वाडगा तसाच ठेवून बाजूच्या गल्लीत तर्री-पोहे खायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. कापसाचे जुने अडते, गळ्यात तुळशीची माळ. त्यांचा एक पाय आत पडला आणि मी, आचारी आणि वाढणाऱ्या दोघी मुली असे चौघं शिकवल्याप्रमाणे एकदम ओरडलो. ते दचकले. पाय मागे घेतला.

“मासे म्हटलं ना तुम्ही?”

“नाही काका, ते जपानीत स्वागत आहे.”

“मासेच म्हटलं. मी काही बहिरा नाही जी.” आणि ते गेले.

वास्तविक आमचं हॉटेल शुद्ध शाकाहारी होतं. गाव पाहून कंपनीनंच तसं ठरवलं होतं. पण दारात ओरडून मासे जाहीर करणारं शाकाहारी हॉटेल अशी आमची ख्याती आठवड्याभरात सौंसरपर्यंत गेली. बायकोला ती स्टाफरूममध्ये ऐकू आली. शेवटी मी दारावर ‘येथे मासे मिळत नाहीत’ अशी पाटी लावली. त्यामुळे ज्यांना मासे हवे होते तेही यायचे बंद झाले.

तरी सुरुवातीला गर्दी झाली. लोक यायचे, वाडग्यासोबत फोटो काढायचे, मग चव घ्यायचे आणि एकमेकांकडे पाहायचे. रस्सा मुंबईहून गोठवलेल्या पाकिटांत यायचा आणि त्याला चव नव्हती असं नाही. पण ती फार लांब कुठेतरी होती, हाक मारली तर येईल अशी. वर समुद्रातल्या शेवाळाचा एक चौकोनी तुकडा.

“हे काय होय?”

“शेवाळ. जपानहून येते.”

“जाम नदीतलं संपलं का?”

एका काकूंनी शेवया वर उचलून पाहिल्या, रस्सा ओरपला आणि शांतपणे निकाल दिला, “बाप्पा, ह्या त चिकोल्या होय. फक्त वरणात तिखट-मीठ घालाचं विसरले.” आमच्याकडे वरणात कणकेचे तुकडे शिजवून चिकोल्या करतात, त्या आजाऱ्यालाही चालतात. त्या दिवसापासून गावात कोणी आजारी पडलं की लोक म्हणायचे, याला जपानीत न्या.

लिंबू, कांदा, ठेचा, सगळं मागून झालं. मी नम्रपणे वाकत राहिलो. कंबर दुखायला लागली. पावसाळा संपेपर्यंत हॉटेल इतकं रिकामं झालं की बायको शाळेतून थेट तिथे यायची आणि एसीत बसून वह्या तपासायची. एखादा माणूस चुकून आलाच तर आम्ही चौघं आशेनं ओरडायचो आणि ती मान वर न करता म्हणायची, “हळू. दचकते तो.”

मग साळ्याचा फोन आला. माझा साळा सौंसरला राहतो, संत्र्याचा बगीचा आहे. त्याची मोठी मुलगी नागपूरला फार्मसी शिकून आलेली. तिला पाहायला बरीच स्थळं येऊन गेली होती आणि शेवटच्या वेळी तिनं घरात सांगून टाकलं होतं, की आता पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर येणार नाही, पाहायचं असेल तर बाहेर कुठे भेटू. मुलताईचं स्थळ होतं. मुलगा बँकेत. त्यालाही बाहेरच भेटायचं होतं. अडचण जागेची होती. सौंसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या कुठल्याही हॉटेलात पाहुणे बसले तर चहा येईपर्यंत बातमी मोहगावला पोहोचणार.

“भाऊजी, तुमच्या हॉटेलात कोणी येते का?”

“कोणीच नाही येत,” मी म्हटलं.

“मग बढिया,” तो म्हणाला. माझ्या हॉटेलाची कोणी केलेली ती पहिली मनापासूनची स्तुती.

रविवारी दोन्हीकडचे आले. मुलाचे वडील तहसील कचेरीतून रिटायर झालेले, मिशा भरघोस, बोलणं जवळजवळ नाही. साळा घामाघूम, एसी असूनही. मुलगा आणि मुलगी समोरासमोर मान खाली घालून. सगळ्यांपुढे वाडगे ठेवले, काड्या ठेवल्या. कोणालाच त्या धरता येत नव्हत्या. कोणी आधी चमचा मागावा हा प्रश्न होता. मुलीकडच्यांनी मागितला तर मुलगी मागास ठरते, मुलाकडच्यांनी मागितला तर मुलगा.

टेबलावर कंपनीचं एक कार्ड असायचं. त्यावर लिहिलं होतं की जपानात शेवया आवाज करून ओढणं हा स्वयंपाक करणाऱ्याचा सन्मान समजला जातो. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावून ते वाचलं. उभा जन्म सरकारी आदेश पाळण्यात गेलेला. त्यांनी वाडगा तोंडाजवळ नेला आणि असा काही आवाज काढला, की स्वयंपाकघरातून आचारी बाहेर पाहायला आला.

आणि साळ्याची मुलगी हसली. तोंडावर हात ठेवून नाही, चांगली खळखळून. तिच्या काड्यांतल्या शेवया सुटून मुलाच्या पांढऱ्या शर्टावर पडल्या.

साळ्यानं डोळे मिटून घेतले. माझी बायको माझ्याकडे अशी पाहत होती, की जणू हे सगळं मी घडवून आणलं. मग मुलाची आई बोलली.

“लग्न झालं तवापासून सांगून राह्यली मी यायले, का आवाज करत जाऊ नका! आता पाहा, जपानच त्यायच्या बाजूनं उभा राह्यला!”

मुलगा हसायला लागला. मग सगळेच. वडिलांनी मिशा पुसल्या आणि त्या दिवसातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य बोलले: “मजा आली.” सोयरीक तिथेच जमली. शर्टावरचा डाग काढायला मुलगी मुलाला बेसिनपर्यंत घेऊन गेली आणि दोघं बराच वेळ परत आले नाहीत. डाग किरकोळ होता.

ही गोष्ट बायकोच्या स्टाफरूममधून पसरली. पुढच्या महिन्यात सौंसरच्या एका मास्तरांनी त्यांच्या मुलीसाठी विचारलं, मग मोहगावचं एक घर, मग सावरगावचं. ‘जपानीत पाह्यलं की जमते,’ असं लोक म्हणायला लागले. जी जमली नाहीत त्यांची कोणी वाच्यता करत नव्हतं, म्हणून माझं जपानी अचूक ठरत गेलं. रविवार, गुरुवार, सगळे सोफे भरलेले. आडोशांमुळे एका सोफ्यावरच्या स्थळाला दुसऱ्या सोफ्यावरचं दिसत नसे. मासे-मासे ओरडण्याला पूर्वी लोक हसायचे. आता मुलाकडचे दारातच थांबायचे. दोघी मुली ओरडल्याशिवाय आत येत नसत. मानपान राहून गेला असं वाटायचं त्यांना.

फक्त शेवया कोणी खात नव्हतं. एक वाडगा मुलापुढे, एक मुलीपुढे, तेही न खाण्यासाठी. मोठ्या माणसांना चहा लागायचा. कंपनीचा हिरवा चहा एकदा पिऊन एक आजी म्हणाल्या होत्या की हा काढा तापात देतात का सर्दीत. म्हणून मी बाजूच्या टपरीवरून आल्याचा चहा मागवून जपानी कपांतून द्यायला लागलो. करारात ते बसत नव्हतं.

टॉवेल घेऊन गेलेला मुंबईचा साहेब गोंधळात पडला. कंपनीच्या कॅमेऱ्यात हॉल भरलेला दिसत होता आणि पाकिटं संपत नव्हती.

“काका, माणसं येतात तर खात का नाहीत?”

“लाजून राह्यली.”

“नूडल्सना?”

“एकमेकांले.”

मग म्हणाला की जपानचे मोठे साहेब भारतात येत आहेत, लहान गावातली शाखा त्यांना स्वतः पाहायची आहे, आणि लहान गावात आमची शाखा एकच निघाली आहे.

संत्र्याचा हंगाम होता. ते येणार त्या दिवसाचं एकही स्थळ घेतलं नाही. टपरीवाल्याला सांगितलं, आज इकडे फिरकू नको. बायकोनं सुट्टी काढली. आणि अकरा वाजता सावरगावचं एक कुटुंब न सांगता दारात उभं. मुलगा फौजेत, सुट्टी संपलेली, संध्याकाळच्या गाडीनं निघणार.

“आज नाही जमत,” मी म्हटलं.

“उद्या तो कुठं राह्यते अठी?” मुलाची आत्या म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन आत शिरली. मागोमाग मुलीकडचे आले. ते नीट बसतात न बसतात तोच बाहेर गाडी थांबली.

मोठे साहेब म्हातारे होते, बारीक, करड्या सुटातले. आम्ही ओरडलो. इतकं चांगलं आम्ही कधीच ओरडलो नव्हतो. त्यांनी वाकून नमस्कार केला. हॉलमधली सगळी माणसं उठून उभी राहिली. मुलीच्या आजोबांना वाटलं, खुद्द मालक जपानहून आशीर्वाद द्यायला आले.

“पोरी, पाया पड.”

मुलीनं पायांना हात लावला. साहेब आणखी खाली वाकले. मग फौजी मुलगा वाकला. साहेब त्याच्याहून खाली. ते एवढे वाकले हे पाहून आजोबांना आपलंच चुकलं असं वाटलं आणि तेही गुडघ्यावर हात ठेवून वाकले. त्यांना वाकलेलं पाहून साहेबांनी परत सुरुवात केली. हे कोण थांबवणार ते कळेना. शेवटी मुंबईच्या साहेबानं त्यांना कोपराला धरून सोफ्यावर बसवलं. तेवढ्यात टपरीवाला किटली घेऊन आत आला आणि मोठ्यानं म्हणाला, “गर्दी दिसली म्हणून आणला जी. चाय कोणाले?”

साहेबांनी कप पुढे केला. सगळा चहा प्यायले. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

“इथे काय चाललं आहे, असं विचारतायत,” मुंबईचा साहेब म्हणाला, आणि मला खुणावलं, की मीटिंग आहे म्हणून सांगा.

बायकोनं ते पाहिलं. “खरं सांगा त्यायले. मुलगी पाहून राह्यले. शेवया कोणी खात नाही, पण लग्नं जमतात.”

मुंबईच्या साहेबाला ते सांगावंच लागलं. म्हातारा ऐकत राहिला. मग हळूहळू बोलायला लागला, मध्येमध्ये थांबत. मुंबईचा साहेब ते आम्हाला मराठीत सांगत होता. त्यांचं लग्नही असंच झालं होतं. मावशीनं दोघांना एका हॉटेलात समोरासमोर बसवलं. त्यांना काही सुचेना. वडिलांचं शेवयांचं लहानसं दुकान होतं, म्हणून ते रस्सा कसा करतात तेवढंच सांगत बसले. मुलीनं होकार दिला. पुढे त्यांनी विचारलं, का दिला? ती म्हणाली, बाकीचे स्वतःबद्दल बोलत होते. ती आता नव्हती.

आडोशापलीकडे फौजी मुलगा त्या मुलीला त्याच्या चौकीवरच्या थंडीबद्दल सांगत होता. आम्हाला ते स्पष्ट ऐकू येत होतं.

मग आम्ही साहेबांना वाडगा वाढला. कंपनीचा, जसाच्या तसा, काहीही न मिसळता. त्यांनी एक घास खाल्ला, काड्या आडव्या ठेवल्या आणि दोनच शब्द बोलले. मुंबईचा साहेब सांगायला तयार नव्हता. बायको ऐकेना.

“म्हणतात, हे कोणी केलं?”

“कंपनीनं,” मी म्हटलं.

ते ऐकून साहेब पुन्हा काही बोलले आणि मुंबईच्या साहेबानं जमिनीकडे पाहत सांगितलं, “म्हणतात, माझ्या वडिलांनी हे नाल्यात ओतलं असतं.”

जाताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मी मनात म्हटलं, आता भाग्य उघडलं. हा माणूस रस्सा बदलणार, लिंबाला परवानगी देणार, आणि पांढुर्ण्याची शाखा साऱ्या देशात दाखवायला ठेवणार.

झालं असं, की जपानला परत गेल्यावर ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी जे आले त्यांना लहान गावात खरा स्वाद वगैरे काही दिसत नव्हतं. मोठ्या शहरांतच राहायचं ठरलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी कंपनीची माणसं आली, पाटी उतरवली, यंत्रं आणि वाडगे घेऊन गेली. कप तेवढे ठेवले. चहाचे डाग निघत नव्हते. मी शटर ओढून घरी येऊन पडलो. गाव हसेल या विचारानं दोन दिवस बाहेर निघालो नाही. बायकोनं चिकोल्या केल्या आणि ताट पुढे ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मोहगावहून फोन आला.

“रविवारी जागा आहे का?”

“भाऊ, जपानी बंद झालं.”

“मले जपानी नाही पाह्यजे जी. जागा पाह्यजे.”

शटर परत उघडलं. आता दारावर कुठलंच नाव नाही, तरी लोक जपानीच म्हणतात. आम्ही बेसनाच्या वड्यांचा पाटोडी-रस्सा देतो, चहा देतो, लिंबू मागितलं की लिंबूही देतो. मुली ओरडतात. ते बंद करून पाहिलं होतं, पण त्या महिन्यात एकही सोयरीक जमली नाही आणि लोकांनी ओरडणं परत मागितलं.

गेल्या दिवाळीनंतर साळा आला. त्याला सौंसरच्या रस्त्यावर, बगीच्याला लागून, माझी शाखा काढायची होती. मी त्याला समोर बसवलं आणि अटी सांगितल्या. आडोसे याच उंचीचे. स्वागत मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून. जे इथे मिळते तेच तिथे, त्यात फरक नाही.

“झालं,” बायको म्हणाली, “आता हेच कंपनी.”

दोन महिन्यांत कानावर आलं की साळ्यानं तिथे शेवया सुरू केल्या आहेत. सासूबाईंच्या खाटेवरच्या, झणझणीत रश्शात, वरून ठेचा. मला न विचारता. मी संतापून बस पकडली. सगळे सोफे भरले होते आणि लोक खात होते, चक्क खात होते, आवाज करून. साळ्यानं माझ्यापुढे वाडगा ठेवला. मी एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं. मग मी दुसरा वाडगा मागितला.

तो संपल्यावर साळा हात बांधून उभा. “कसं आहे, भाऊजी?”

तपासणीला गेलेल्या माणसाला काहीतरी म्हणावंच लागते.

“मीठ जरा जास्त आहे,” मी म्हटलं, आणि पाच वाजताची बस पकडून घरी आलो.